सगूचं गाऱ्हाणं

माणूस झाडावरून पडला तर त्याला आधी उचलायचं, की त्याची पापं शोधायला बसायचं? आंबेखोल गावानं दुसरं काम निवडलं. आणि ते इतकं मन लावून केलं, की नऊ दिवस झाले तरी गावाची तोंडं दमली नव्हती.

पडला होता लवू. गावाच्या टोकाला गवतानं शाकारलेलं एक इवलंसं घर होतं, त्यात तो राहायचा. घरात त्याची बायको, त्याची बहीण भागू, नऊ वर्षांची लेक सगुणा आणि बोबडं बोलणारा धाकटा मुलगा बाळो. सगुणाला सगळे सगू म्हणत. दोन घट्ट वेण्या, टपोरे डोळे आणि राग आला की लालचुटूक होणारा नाकाचा शेंडा. हल्ली तो शेंडा सकाळपासून लालच असायचा.

घरामागे, विहिरीच्या पलीकडे, रानमाउलीची राई होती. तिथं देऊळ नाही, कळस नाही, नुसती शेंदूर लावलेली एक पाषाणाची माउली, आणि तिच्यावर सावली धरून उभं असलेलं सुरंगीचं उंच झाड. सुरंगी तुम्ही पाहिली आहे ना? फांदीला अंगभर चिकटलेल्या मोत्याएवढ्या कळ्या, उमलल्या की पांढऱ्याशुभ्र पाकळ्या आणि मधे पिवळाजर्द केसर. वास असा, की वाटेनं जाणारा माणूस काम विसरून उभा राहतो. पण कळ्या उन्हं चढायच्या आत काढाव्या लागतात, आणि झाड असतं दोन माड उंच. लवू वीस वर्षं त्या झाडावर चढत होता. तो कळ्या काढायचा आणि घरातल्या बायका त्यांचे वळेसर ओवायच्या. गजऱ्याला तिकडे वळेसर म्हणतात.

मोसमातला पहिला वळेसर माउलीचा, अशी गावाची रीत. यंदा पहिल्या दिवशी ओंजळभरच कळ्या मिळाल्या आणि वीतभर वळेसर झाला. तेव्हा सगू तापानं फणफणली होती. तीन दिवस तिनं डोळे उघडले नव्हते. लवू वळेसर घेऊन राईकडे निघाला, तेवढ्यात सगूनं डोळे किलकिले केले आणि म्हणाली, "बाबा, सुरंगेचो वास येता."

लवूला रडू फुटलं. त्यानं तो वळेसर लेकीच्या केसांत माळला. दुसऱ्या दिवशी माउलीला हातभर लांब वळेसर वाहिला, पाया पडला आणि कामाला लागला. चौथ्या दिवशी फांदी मोडली आणि लवू खाली आला.

झालं! गावाला गोष्ट मिळाली. देवीचा मान बघणारे दाजी मानकरी काठी टेकत घरी आले, उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "देवीचा फूल पोरीच्या केसात घातलंस. मगे काय होतला, लवू? माउली कोपली."

विचारायला आले होते म्हणे! विचारपूस अशी असते का? पाण्याचा तांब्या नाही, पाठीवर हात नाही, आणि निकाल मात्र हातोहात. जाताना वर सांगून गेले, की माउली शांत होईपर्यंत या घरानं सुरंगीला हात लावायचा नाही.

वैद्यबाबांनी लवूला नीट तपासलं होतं. "हाड शाबूत आसा," ते म्हणाले होते, "कमरेक मार बसलो हा. पण बारा दिसांच्या आत उठान बसूक व्हया, नायतर पाय कायमचे आखडतले."

लवू उठेना. दुखत होतं म्हणून नव्हे. दाजींचं बोलणं त्याला पटलं होतं. आपणच चुकलो, आपलंच पाप, आता उठायचा हक्क नाही, असं मनाशी धरून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बोलेना, हसेना. आईनं पेज भरवली तर दोन घास घ्यायचा. वीस वर्षं ज्या माउलीला फुलं घातली तिनं एका वितीसाठी झाडावरून पाडावं, हे त्या भल्या माणसाला खरं वाटलं आणि सगूच्या पोटात नुसता जाळ उठला.

दहाव्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी राईत गेली. झाडाला हात लावायचा नव्हता, पण मधमाश्यांना पाणी ठेवायला कुणी बंदी केली नव्हती. लवू रोज करवंटीत पाणी भरून ठेवायचा आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यात दोन काटक्या टाकायचा. बाबा नाही तर माश्यांनी तहानेनं मरायचं का? सगू तांब्या घेऊन आली, तर कालच्या करवंटीत काहीतरी धडपडत होतं.

मधमाशी नव्हती. ती होती एक पिटुकली परी! करंगळीएवढी, पांढऱ्या पाकळ्यांचा झगा घातलेली, केस पिवळेधमक केसराचे. तिचे पंख भिजून चिकटले होते आणि ती नाकातोंडात पाणी जाऊन शिंका देत होती. सगूनं झटकन एक पान खाली घातलं, तिला अलगद उचललं आणि उन्हाच्या कवडशात ठेवलं. पंख सुकले तसे त्यांतून सोनेरी, गुलाबी, हिरवे रंग लुकलुकायला लागले.

"मी केसरपरी," ती छोटीशी छाती फुगवून म्हणाली. "माउलीच्या या झाडाची राखणदार. तू मला वाचवलंस. तेव्हा तुला एक इच्छा मागता येईल."

सगूचे डोळे भरून आले. ती बोलणार, तोच परीनं चिमुकला हात वर केला आणि झग्यातून एक लांबलचक पान काढलं. त्यावर काट्यानं बारीक बारीक काहीतरी कोरलेलं होतं.

"आधी नियम," परी म्हणाली. "एक, इच्छा दुसऱ्यासाठी हवी. दोन, घरी कुणाला सांगायचं नाही. तीन, मागताना मनात रागाचा कणसुद्धा नको. ही कळी हातात धरायची आणि मागायचं. उमलली तर इच्छा पुरी झाली. मिटली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. तीनच सकाळी मिळतील."

घ्या! बुडताना हिला कुणी नियम वाचून दाखवले होते का? परी कसली, चावडीवरचा कारकूनच! पण सगू गुणी पोर. तिनं कळी ओंजळीत घेतली, डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाली, "माझे बाबा उठांदेत. त्यांका..."

तेवढ्यात तिला उंबऱ्यातले दाजी दिसले. 'पोरीच्या केसात' हे त्यांचं बोलणं कानात घुमलं. नाकाचा शेंडा लाल झाला. आणि कळी टप्पकन मिटली.

"राग आला," परी मान हलवत म्हणाली. "उद्या ये हं, बाळ."

दुसऱ्या दिवशी सगूनं मोठी तयारी केली. वाटभर ती गोड गोड गोष्टी आठवत राहिली. नाचणीच्या सत्वाची वडी, बाळोचं बोबडं हसू, वासराचं ओलं नाक. सगळं ठीक चाललं होतं. पण राईची वाट विहिरीवरून जाते, आणि विहिरीवर बायका होत्या. त्यांतली एक दुसरीच्या कानाला लागली, पण आवाज मात्र सगूला ऐकू जाईल असा लावला. "ही बघ ती. हिच्याच पायी बापूस पडलो."

नऊ वर्षांच्या पोरीला असं बोलायचं! त्या बाईच्या घागरीला तिथंच भोक पडायला हवं होतं. सगू तरातरा पुढे निघाली. ओठ दाबून राईत आली, कळी हातात घेतली आणि हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "माझे बाबा..." कळी पुढचं ऐकायलाही थांबली नाही.

"माका राग येता," सगू रडत म्हणाली. "मी काय करू? आतसून येता."

"चांगल्या मुली रागावत नाहीत," परी म्हणाली. ती वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांतही दवाएवढे दोन थेंब चमकत होते. पण पानावर जे कोरलं होतं, तेच तिला ठाऊक होतं. "उद्या शेवटची सकाळ. मन अगदी लोण्यासारखं मऊ करून ये."

चांगल्या मुली रागावत नाहीत! कुणी काढलं हे वाक्य? ज्यानं काढलं त्याच्या बापाला कुणी पापी म्हटलं नसणार, एवढं नक्की.

घरी आल्यावर सगू चुलीपाशी गुडघ्यात डोकं घालून बसली. भागू आत्या केरसुणी बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसली. आत्या हाडानं दणकट आणि जिभेनं त्याहून दणकट. "काय झाला गो? बोल. माझ्यापासून लपवतलंस तर बघ."

सगूनं घट्ट मिटलेलं तोंड उघडलं आणि परी, पान, कळी, राग, सगळं सगळं बाहेर पडलं. सांगून झाल्यावर तिनं जीभ चावली. दुसरा नियमही मोडला होता.

आत्या कमरेवर हात देऊन उठली. "म्हणजे मार खाऊचो, गप रवाचा आणि वर हसान मागाचा? असलो कसलो नियम? आपल्या माणसांका नाय सांगूचा, तर काय झाडाच्या बुंध्याक सांगूचा?"

सगूची आई पेज वाढत होती. ती कमी बोलायची. तिनं आधी बाळोला वाढलं, मग सगूला, मग लवूची वाटी भरली, मग नणंदेची. शेवटी मडकं तिरकं करून तळाशी राहिलेलं पळीभर पाणी आपल्या वाटीत घेतलं. असं ती रोज करायची. सगूनं ते रोज पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं.

"आये," ती एकदम म्हणाली, "तू आमच्या आधी कधी जेवलंस?"

"खुळी काय तू?" आई हसली. "आवय कधी आधी जेवता? पोरांच्या पोटात गेला म्हणजे माका पोचला."

सगू ताडकन उभी राहिली. "मगे रानमाउली आमची आवय ना? मग तिच्या आधी फूल माका मिळाला, तर ती कोपात कशी? कोपली तर ती आवय कसली?"

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या लवूचा खांदा किंचित हलला. आई पळी हातात धरून लेकीकडे बघत राहिली. मग आत्या हळू आवाजात म्हणाली, "ह्या माका कसा सुचूक नाय? पोरी, तू परीकडे मागू नको. तू माउलीक गाऱ्हाणा घाल."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून खड्या आवाजात केलेली तक्रार आणि तिच्याच पोटी केलेलं मागणं. एकानं बोलायचं आणि दर बोलाला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. गावचं गाऱ्हाणं दाजी घालत, कारण तो मान त्यांचा. नऊ वर्षांच्या पोरीनं गाऱ्हाणं घातल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण पोरीनं घालू नये असंही कुणी कुठं कोरून ठेवलं नव्हतं.

बाराव्या दिवशी तांबडं फुटताना दोघी बायकांनी घोंगडीची झोळी करून ती बांबूला बांधली. लवू "नको, नको" म्हणत होता. बारा दिवसांतले त्याचे तेच पहिले शब्द. "माका तिच्यासमोर नेव नको."

"तिच्यासमोरच नेतलंव," आत्या म्हणाली. पुढे आई, मागे आत्या, बाळो झोळीला हात लावून भार उचलल्यासारखा चाललेला, आणि सगळ्यांच्या पुढे सगू. वाटेत आईच्या खांद्याला बांबू रुतला, पण ती कुठं थांबली नाही.

सुरंगी फुलांनी लगडली होती. बारा दिवस कुणी कळ्या काढल्या नव्हत्या, म्हणून सारी राई पांढरीपिवळी झाली होती, आणि सकाळच्या उन्हात केसराची धूळ नुसती झगमगत होती. केसरपरी फांदीवर वाट बघत होती. हे वऱ्हाड बघून ती गडबडली.

"अगं, घरी सांगितलंस? आणि हे काय, नाक तर आजही लाल! नियम..."

"वायच बाजूक रव," सगू म्हणाली. "माका माझ्या आवयशी बोलाचा आसा."

ती माउलीसमोर उभी राहिली. तिनं मागे पाहिलं. आई होती, आत्या होती, बाळो होता. मग कालची मिटलेली कळी मुठीत ठेवूनच तिनं हात जोडले आणि मोठ्यानं सुरुवात केली.

"आये रानमाउली! लवूची लेक सगुणा तुका गाऱ्हाणा घालता!"

"व्हय म्हाराजा!" आई, आत्या आणि बाळो म्हणाले.

"माझ्या बापाशीन वीस वर्सां तुका फुलां घातल्यान. माश्यांका पाणी दिल्यान. पाखरांसाठी शेंड्याची फांदी राखल्यान. खरा की खोटा?"

"व्हय म्हाराजा!"

"माका ताप होतो. बाबान तुझा फूल माका घातल्यान. लोक म्हणतत, म्हणान तू कोपलंस, म्हणान तू त्यांका पाडलंस. माका राग इलो हा. खूप राग इलो हा! माझी आवय सगळ्यांका वाढता आणि मगे खरवड खाता. तू तर गावची आवय. तू लेकराच्या वितभर फुलावर डोळो ठेवशीत? माका नाय पटणा. लोक तुझा नाव वायट करतत. तुका चलता?"

आता तिच्या गालांवरून धारा लागल्या होत्या, पण आवाज चिरला नाही.

"कोणाचा वायट मी मागणय नाय. दाजींचा नाय, विहिरीवरल्या बायकांचा नाय. माझ्या बापाशीचा काय चुकला आसात तर हय सांग. नसात चुकला, तर त्यांका ह्या खोट्यातसून सोडय आणि उभा कर!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज तिघांचा नव्हता. एक खोल, घोगरा, बारा दिवस न वापरलेला आवाज त्यात मिसळला होता. सगूनं वळून पाहिलं. झोळीत लवू कोपरावर टेकून उठला होता.

वर फांदीवर केसरपरी आपल्या पानाकडे बघत होती. तिनं ते वरपासून खालपर्यंत वाचलं. उलटं करून पाहिलं. मग ती सगूच्या खांद्यावर उतरली.

"मला शिकवलं होतं, की रागावलेलं माणूस दुसऱ्याचं वाईट मागतं," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "म्हणून मी कितीतरी मुलांना परत पाठवलं. लाल नाकाची, रडणारी मुलं. तुझा राग मात्र बापाच्या मायेतून आलाय. असा राग माझ्या पानावर नाहीच. सगू, चुकलं ते या पानाचं."

आणि तिनं ते पान टराटरा फाडलं! तुकडे हवेत उडाले ते सोनेरी फुलपाखरं होऊन. परीनं दोन्ही पंख फडफडवले, तशी फुलाफुलांतून केसराची उबदार धूळ उठली आणि लवूच्या कमरेवर, गुडघ्यांवर, पावलांवर अलगद बसली. सगूच्या मुठीतली कळी आपसूक उमलली.

लवूनं एक पाय जमिनीला टेकवला. मग दुसरा. आईनं डावीकडून धरलं, आत्यानं उजवीकडून. दात ओठ खात, घामानं निथळत तो उभा राहिला.

आवाज ऐकून विहिरीवरच्या बायका आणि चार माणसं राईच्या तोंडाशी जमली होती. त्यांच्यातून दाजी मानकरी काठी टेकत पुढे आले. उभा असलेला लवू पाहून त्यांचे हात आपोआप जोडले गेले. "लवू! माउलीन माफ केल्यान रे तुका!"

अजूनही माफीच! सगू तोंड उघडणार होती, पण तिला बोलावं लागलं नाही.

"माफ?" लवू म्हणाला. त्याचा आवाज अजून घोगरा होता, पण नजर सरळ होती. "कित्याक, दाजीनू? माझा काय चुकला होता?"

दाजींनी माउलीकडे पाहिलं. फुलांकडे पाहिलं. आईच्या खांद्यावरचा लाल वळ पाहिला. शेवटी खाली बघत ते पुटपुटले, "काय चुकूक नव्हता."

"मोठ्यान सांगा, दाजीनू," सगू म्हणाली. "त्या दिवशी मोठ्यान सांगितलास, आज पण मोठ्यान सांगा."

दाजींनी काठी बाजूला ठेवली, मान वर केली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लवूचा काय एक चुकूक नव्हता! चुकलंय तो मी!"

केसरपरी खुदकन हसली. सगूच्या गालावर तिनं इवलासा पापा दिला आणि ती वर वर, फुलांच्या गर्दीत उडाली. पांढरा, पिवळा, गुलाबी, सगळा उजेड एकदम दाटून आला आणि लोकांनी डोळ्यांवर हात घेतले. हात काढले तेव्हा परी नव्हती. झाडाच्या वरच्या फांद्या मात्र हळूहळू वाकत वाकत माणसाच्या हाताला लागतील इतक्या खाली आल्या होत्या, आणि आंबेखोलात त्यानंतर कळ्यांसाठी कुणाला झाडावर चढावं लागलं नाही.

घरी जाताना झोळी रिकामी होती. ती बाळोनं डोक्यावर घेतली होती, आणि लवू बायकोच्या आणि बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून पावलापावलानं, पण आपल्या पायांनी चालत होता.